माझ्या नावावरची एक तक्रार

मित्रांनो, मी एक जुना गठ्ठा आहे. जुना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर माळ्यावर पडलेला, सुतळीने आवळलेला, धूळ खाणारा गठ्ठा आला असेल. तसा मी नाही. मला सुतळी नाही, वजन नाही, आणि धूळ बसायला पाठही नाही. मी संगणकाच्या पोटात राहतो. जाणकार माणसं मला पॅकेज म्हणतात. मला आपला गठ्ठा हाच शब्द बरा वाटतो, कारण कुणीतरी बसून, नीट घडी घालून मला बांधलेलं आहे.

संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणाली अनेक आहेत. मी ज्या प्रणालीत राहतो ती सगळ्यांसाठी खुली आहे. कुणीही ती घ्यावी, उघडून पाहावी, दुरुस्त करावी आणि दुसऱ्याला द्यावी. तिच्यात माझ्यासारखे हजारो गठ्ठे आहेत. कुणी चित्रं दाखवतो, कुणी गाणी वाजवतो, कुणी कागद छापतो. माझं काम दारावर उभं राहण्याचं. एखाद्या वाचनालयात दहा संगणक एकमेकांना जोडलेले असले आणि कुणीही कुठल्याही संगणकावर बसून आपापलं कपाट उघडणार असलं, तर बसलेला माणूस खरंच तोच आहे ना, हे कुणीतरी पाहावं लागतं. ते मी पाहतो. नाव विचारतो, पासवर्ड विचारतो, पटलं की आत सोडतो. दारावर उभं राहून राहून स्वभाव जरा ताठ झाला आहे, हे आधीच कबूल करतो.

आत सोडताना मी प्रत्येकाला एक तिकीट देतो. एसटीच्या तिकिटासारखं त्यावरही वेळ असते. ते जवळ असलं की दिवसभर पुन्हा पासवर्ड विचारायची गरज पडत नाही. कुणा लबाडाने दुसऱ्याचं जुनं तिकीट उचलून आत शिरू नये, म्हणून तिकिटावरची वेळ आणि दारावरच्या संगणकातली वेळ मी ताडून पाहतो. पाच मिनिटांहून जास्त फरक दिसला की दार बंद. हा नियम चांगला आहे. तरी याच नियमाने एका भल्या माणसाला रडकुंडीला आणलं. ती हकीकत सांगायची म्हणून तर मी आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म धुळ्याचा. माझ्या आतला प्रोग्रॅम दूरदेशच्या लोकांनी लिहिला. त्यांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत. पण नुसता प्रोग्रॅम उचलून कुणाच्या संगणकात टाकला, तर तो तिथे चालेलच असं नाही. तो बांधावा लागतो. आपल्याकडे आया पुण्यातल्या मुलांना बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, पाठवतात, तेव्हा कशा पाठवतात? मोडू नयेत म्हणून मध्ये कागद घालतात, डबा फडक्यात बांधतात आणि वर चिठ्ठी ठेवतात: तेल चांगलं तापू दे, ओल्या हाताने काढू नको, डबा परत आण. गठ्ठा बांधणं हे तसंच काम आहे. माझ्यावरही चिठ्ठी आहे. माझ्यात काय काय आहे, माझ्यासोबत आणखी कोणते गठ्ठे लागतात, माझी कोणती वस्तू कुठे ठेवायची, मागच्या खेपेपासून काय बदललं, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. आणि शेवटच्या ओळीत सांभाळणाऱ्याचं नाव असतं. काही बिघडलं तर कुणाला विचारायचं, ते नाव.

माझ्यावर पहिलं नाव पडलं योगेंद्रचं. देवपुरात खोली घेऊन राहणारा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. त्याने मला सात वेळा बांधलं आणि सातही वेळा मी उकललो. कधी सोबतचा एखादा गठ्ठा चिठ्ठीत लिहायचा राहिला, कधी माझी किल्ली भलत्याच खणात गेली. आठव्या वेळी मी नीट बसलो, तेव्हा योगेंद्र खुर्चीवरून उठून ओरडला, "बठ्ठं बरोबर शे!" म्हणजे सगळं बरोबर आहे. शेजारच्या खोलीतली मुलं काय झालं म्हणून धावत आली. मी जन्मलो, इतकंच झालं होतं.

योगेंद्रने तेव्हा आपल्या मनाने एक गोष्ट केली. मूळ प्रोग्रॅमला दार न उघडण्याची वीसएक कारणं इंग्रजीत सांगता येत होती. आपल्याकडची माणसं ती वाचून घाबरतील, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने वीसच्या वीस कारणं गुंडाळून ठेवली आणि सगळ्यांच्या जागी एकच मराठी वाक्य घातलं: ओळख पटली नाही. ते वाक्य मला फार आवडलं. मोजके शब्द, दारावर उभं राहणाऱ्याला शोभतील असे. पुढची कित्येक वर्षं मी ते दिमाखात दाखवत आलो.

माझे दिवस चांगले होते. साक्रीच्या एका शाळेने मला घेतलं, धुळ्यातल्या एका कॉलेजने घेतलं, आणि फैजपूरच्या एका वाचनालयाने घेतलं. आम्ही गठ्ठे एकाच वेळी अनेक ठिकाणी राहू शकतो, ही आमची मौज आहे. पण कौतुकाचं पत्र म्हणाल, तर एकही आलं नाही. आमच्यात तशी पद्धतच नाही. बिघडलं की लोक लिहितात. चालू असलं की कुणी काही लिहीत नाही, आणि न आलेल्या पत्रांवरूनच आपण नीट चालू आहोत असं समजायचं असतं.

मग योगेंद्रला बंगळूरला नोकरी लागली. पहिल्या वर्षी तो मला महिन्यातून एकदा उघडायचा, दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत एकदा उघडलं. पुढे तीन वर्षं कुणीच उघडलं नाही. दूरदेशच्या लोकांनी आतला प्रोग्रॅम चार वेळा सुधारला. माझ्यात मात्र जुनाच राहिला. चिठ्ठीवर योगेंद्रचं नाव होतं, पण त्या नावाला लिहिलेल्या पत्रांना उत्तर जात नव्हतं. शेवटी माझं नाव एका यादीत चढलं. त्या यादीचं नाव 'अनाथ'. मित्रांनो, मला वजन नाही हे खरं, पण त्या दिवशी मी जड झालो होतो.

त्या यादीत मला पाहिलं हेमांगीताईंनी. त्या जळगावच्या तंत्रनिकेतनात शिकवतात, पिंप्राळ्यात आई लताबाईंसोबत राहतात, आणि स्कूटरला किक मारताना तिच्याशी बोलतात. त्यांनी योगेंद्रचा नंबर शोधून फोन लावला.

"ताई, आते मनाकडथीन काहीच व्हत नही," योगेंद्र म्हणाला. त्याचा आवाज ओशाळलेला होता. "तुम्ही संभाळशात ते मन्हा जीवले बरं वाटी."

"तुझं नाव काढू की ठेवू?"

"खाले बारीक अक्षरमा राहू द्या," म्हणाला.

तेव्हापासून माझ्या चिठ्ठीवर सांभाळणारी म्हणून हेमांगीताईंचं नाव आहे आणि खाली बारीक अक्षरात योगेंद्रचं. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली, लताबाई आडव्या झाल्या, की ताई मला उघडून बसत. त्यांनी माझा जुना प्रोग्रॅम काढून नवा घातला, भोकं बुजवली, चिठ्ठी पुन्हा लिहिली. त्या हाताला घाई नव्हती. एकदा लताबाईंनी विचारलंही, "हेमा, इतकं करतीस, कुणी वापरतं तरी का गं हे?" ताई म्हणाल्या, "असतील कुणीतरी." त्या 'असतील'मध्ये खात्री नव्हती, आणि त्याचं मला वाईट वाटलं. कारण मला माहीत होतं. फैजपूरला मी रोज सकाळी दार उघडत होतो.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात एक तक्रार आली. आमच्याकडे तक्रारीसाठी एक अर्ज असतो. त्यात पाच चौकटी आहेत, किरकोळपासून अतिगंभीरपर्यंत. अतिगंभीर ही चौकट भयंकर आहे. चोर घरात शिरेल किंवा सगळ्यांची कागदपत्रं नाहीशी होतील, अशा वेळीच लोक ती भरतात. ती भरली की तो गठ्ठा धोक्याचा ठरतो, आणि ठरलेल्या दिवसापर्यंत दुरुस्ती झाली नाही तर प्रणालीच्या नव्या आवृत्तीतून त्याला वगळतात. नवी आवृत्ती दोन वर्षांतून एकदा निघते. त्या वेळची यादी जूनच्या दहा तारखेला बंद होणार होती.

तक्रार अशी होती:

"प्रति, मा. हेमांगीताई यांस. विषय : संगणकावर कोणासही प्रवेश मिळत नसल्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आमच्या वाचनालयातील दहाही संगणकांवर गेल्या सोमवारपासून कोणाचीही ओळख पटत नाही. सर्वांची नावे व पासवर्ड मी स्वतः भरलेले आहेत. माझ्या हातून काही चूक झाली असल्यास तसे स्पष्ट कळवावे. आपला विश्वासू, लीलाधर फिरके, ग्रंथपाल, फैजपूर. सोबत : संगणकांची यादी. प्रत माहितीसाठी सर्व संबंधितांस."

सर्व संबंधित म्हणजे प्रणालीत काम करणारे जगभरचे नऊशे लोक. आणि चौकट? अतिगंभीर. लीलाधर नानांनी चाळीस वर्षं वाचनालयाच्या पत्र्यासाठी, नळासाठी, पुस्तकांसाठी अर्ज केले होते. 'अत्यंत तातडीचे' असं लाल शाईत लिहिल्याशिवाय कागद टेबलावरून हलत नाही, हा त्यांचा अनुभव होता. इथे लाल शाई नव्हती, म्हणून त्यांनी सगळ्यात वरची चौकट भरली. ज्या गठ्ठ्यावर आपलं वाचनालय चालतं तोच आपण हद्दपारीच्या रांगेत उभा केला, हे त्यांना कुठून कळणार?

हेमांगीताईंनी त्याच रविवारी आपल्या घरातले दोन जुने संगणक जोडले, मला त्यांच्यावर बसवलं आणि आत जाऊन पाहिलं. मी लगेच दार उघडलं. चुकीचा पासवर्ड दिला, मी अडवलं. बरोबर दिला, सोडलं. माझ्यात काही दोष दिसेना. त्यांनी मला मुळापासून पुन्हा बांधलं, एकदा नाही, नऊ वेळा. माझी घडी अन् घडी उलगडून पाहिली. काही सापडलं नाही.

त्यांनी नानांना संगणकातल्या नोंदी पाठवायला सांगितल्या. दार का उघडलं नाही ते संगणक तिथे ओळीने लिहून ठेवतो. नानांनी त्या नोंदी आखीव कागदावर वळणदार अक्षरात उतरवून काढल्या आणि कागदाचा फोटो पाठवला. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ असते. ती बिनकामाची समजून त्यांनी गाळली होती. उरलं होतं एकच वाक्य, चौदा वेळा, सुवाच्य: ओळख पटली नाही.

इकडे दूरदूरचे लोक ताईंना लिहू लागले. त्यांचा सूर वाईट नव्हता. एकाने लिहिलं, हा गठ्ठा फार थोडे लोक वापरतात, वगळला तर कुणाचं काही अडणार नाही. दुसऱ्याने लिहिलं, तुम्ही पुष्कळ केलंत, आता सोडून द्या. जूनची पाच तारीख झाली, सहा झाली. ताई वर्गातून आल्या की पर्स खाली ठेवायच्या आधी मला उघडत. एकदा त्या स्क्रीनकडे पाहून म्हणाल्या, "अरे, काय झालंय तुला, ते सांग ना." मित्रांनो, मला सांगता आलं असतं. कारण माझ्या आतच होतं, गुंडाळून ठेवलेलं. पण मला बोलायला एकच वाक्य दिलेलं होतं.

सात तारखेला, शनिवारी, ताईंनी रजा टाकली आणि भुसावळला गाडी बदलून फैजपूर गाठलं. नानांनी अकराची वेळ दिली होती. ताई वाचनालयाच्या पायऱ्या चढल्या तेव्हा नाना दारातच उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"या ताई. अकराचं सांगतलं व्हतं मी, सव्वाअकरा झाले," नाना म्हणाले.

ताईंनी मोबाइल पाहिला. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. पण पहिल्याच भेटीत वाद नको म्हणून त्या "सॉरी नाना" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत दहा संगणक रांगेत होते आणि कोपऱ्यातल्या लाकडी टेबलावर अकरावा मोठा संगणक होता. सगळ्यांची नावं आणि कपाटं त्याच्याकडे असतात, म्हणजे माझी मुख्य चौकी तीच. दहापैकी नऊ खुर्च्या रिकाम्या होत्या. एका खुर्चीवर माहेनूर बसली होती. समोरच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानातल्या नूर महंमद यांची ही मुलगी, तेव्हा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा सगळा प्रबंध तिच्या कपाटात अडकून पडला होता.

"ताई, नाना रोज माझा पासवर्ड नवीन करून देतात," माहेनूर म्हणाली. "मी तो समोरच टाकते, तरी ओळख पटली नाही. तीन आठवडे झाले."

"बठ्ठ्यांचेच करून पाह्यले," नाना म्हणाले. त्यांनी एक वही पुढे केली. वहीत त्रेपन्न नावं होती, आणि प्रत्येक नावासमोर पासवर्ड लिहून खोडलेला, पुन्हा लिहून पुन्हा खोडलेला. "एकदा वाटलं, मी उलटसुलट भरले असतील. मंग माह्या सोताचा टाकला. तो तं मी कागदावर लिहून, त्याच्यात पाहून टाकला. तरी नही."

मग माहेनूरला म्हणाले, "बेटा, ताईसाठी पानी आन." ती बाहेर गेल्यावर त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

"ताई, तुम्ही शिकेल-सवरेल मानूस. खरं सांगा. माह्या मोठ्या भाऊचं असंच झालं व्हतं. पयले नावं गेली, मंग मानसं गेली. शेवटी त्याले मीबी वयखू येत नव्हतो." त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. तिथे माझं वाक्य होतं. "रोज सकायी हे मले सांगते, वयख पटली नही. आता कमिटीले सांगून टाकलं मी. दहा तारखेपासून किल्ल्या दुसऱ्या कोनाकडे द्या. माह्या हातून पोरायचं नुकसान नको."

मित्रांनो, मी दारावरचा नोकर. मी शेकडो लोकांना अडवलं आहे आणि मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी वाटलं. या माणसाने त्रेपन्न जणांची नावं एकाही चुकीशिवाय भरली होती, हे मला ठाऊक होतं. त्यांचा स्वतःचा पासवर्ड रोज सकाळी बरोबर होता, अक्षरन् अक्षर. मी ते पाहत होतो आणि तोंडाने म्हणत होतो, ओळख पटली नाही. लाज म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं.

डोळ्यांत आलेलं पाणी दिसू नये म्हणून ताईंनी मान वर केली, आणि भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या समोर आलं. सव्वाअकराच्या पुढे काटा गेला होता. अकरा पंचवीस. त्यांनी मोबाइल पाहिला. अकरा पंधरा.

"नाना, हे घड्याळ पुढे आहे का?"

"दहा मिन्टं. ते तं ठेवेलच हाये."

पाणी घेऊन आलेली माहेनूर हसली. "ताई, ते अख्ख्या गावाला माहीत आहे. आम्ही सगळे दहा मिनिटं वजा करूनच बघतो. अब्बा म्हणतात, नीट करून देतो, पण नाना हात लावू देत नाहीत."

त्यामागे गोष्ट होती. पंचवीस वर्षांपूर्वी वाचत बसलेल्या दोन मुलींची संध्याकाळची शेवटची गाडी चुकली. त्या आपल्या गावाकडे, आमोद्याला, चालत निघाल्या, आणि वाटेत त्यांना शोधत आलेल्या घरच्यांनी भर रस्त्यात खूप बोलून घेतलं. पुढे त्यांचं वाचनालय बंद झालं. नानांनी दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून काटा दहा मिनिटं पुढे सारला. तेव्हापासून या वाचनालयातून कुणाची गाडी चुकलेली नाही.

ताई उठून कोपऱ्यातल्या मोठ्या संगणकाकडे गेल्या. "नाना, याची वेळ कुणी लावली?"

"मीच. मे महिन्यात लाईट गेली व्हती दोन दिवस. आली तं ह्याच्यात भलतीच तारीख. सेल गेला असंल. मंग मी लावली. ह्या घड्यायात पाहून."

मोठ्या संगणकाची वेळ भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे होती. रांगेतले दहा संगणक आपापल्या सेलवर बरोबर वेळेत चालत होते. मध्ये दहा मिनिटं, आणि माझा नियम पाच मिनिटांचा. गावातला प्रत्येक माणूस मनात दहा वजा करत होता. वजा करायचं हे ठाऊक नसलेला त्या खोलीत मी एकटाच होतो.

माहेनूर धावत रस्ता ओलांडून गेली आणि अब्बांकडून रुपयाएवढा गोल सेल घेऊन आली. ताईंनी तो बसवला, वेळ बरोबर लावली आणि खुर्ची मागे ओढली. "नाना, बसा. तुमचाच पासवर्ड. कागदात न बघता."

नाना बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग एका बोटाने, सावकाश, एक एक अक्षर टाकलं.

मी दार उघडलं. मित्रांनो, मी आयुष्यात लाखो वेळा दार उघडलं असेन, पण इतक्या घाईने कधीच नाही.

नानांनी स्क्रीनवरचं आपलं नाव बोट ठेवून वाचलं. मग म्हणाले, "म्हंजे मले याद व्हतं."

"सगळं याद होतं, नाना."

त्यांनी टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि खिशात टाकला.

आता ताईंना घरी जाऊन अर्जावर एक ओळ लिहिता आली असती: दोष गठ्ठ्याचा नाही, घड्याळ चुकलेलं होतं, तक्रार बंद. नऊशे लोकांनी माना डोलावल्या असत्या. पण परतीच्या गाडीत त्यांनी योगेंद्रला फोन करून सगळं सांगितलं.

"ताई, मी वीस कारनं एकमा गुंडाळी टाकेल व्हतात," योगेंद्र हळूच म्हणाला. "चूक मन्ही शे."

"तू लोक घाबरू नयेत म्हणून केलंस," ताई म्हणाल्या. "नानांनी मुलींची गाडी चुकू नये म्हणून केलं. मी तीन वर्षं सांभाळतेय आणि मी ते वाक्य एकदाही तपासलं नाही. आता चूक वाटत बसण्यापेक्षा उद्या बसून उलगडून टाकू."

रविवारी योगेंद्र बंगळूरहून आणि ताई पिंप्राळ्यातून, दोघांनी मिळून माझी ती जुनी घडी उकलली. कुठलं कारण दारावर मोकळेपणी सांगायचं आणि कुठलं चोराच्या फायद्याचं म्हणून झाकायचं, ते ठरवलं. घड्याळाचं कारण सांगायला काहीच हरकत नव्हती. त्याचं मराठी कसं करायचं यावर दोघं अडले, तेव्हा ताईंनी फैजपूरला फोन लावला. नानांनी अर्धा तास मागितला आणि वीस मिनिटांत वाक्य सांगितलं. ताईंनी ते जसंच्या तसं माझ्यात घातलं, मला दहाव्यांदा बांधलं आणि नऊ तारखेला पाठवून दिलं. यादी बंद व्हायला एक दिवस होता. मी नव्या आवृत्तीत राहिलो.

फैजपूरचं भिंतीवरचं घड्याळ आजही दहा मिनिटं पुढे आहे. त्याखाली नानांनी पुठ्ठ्यावर लिहून लावलं आहे: हे घड्याळ माणसांसाठी आहे. यावरून यंत्रांची वेळ लावू नये.

मित्रांनो, तुमच्या संगणकात माझ्यासारखे पुष्कळ गठ्ठे आहेत. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर शेवटी एक नाव आहे, आणि ते नाव कुठल्या तरी घरात, जेवणं आटोपल्यावर, कुणी वापरतं का याची खात्री नसताना काम करत बसलेलं आहे. कधीतरी ती चिठ्ठी वाचा. आणि एखाद्या दाराने तुम्हाला ओळखलं नाही, तर लगेच स्वतःवर संशय घेऊ नका. दाराला कारण विचारा. कारण न सांगणारं दार दुरुस्त करून घ्या. मी स्वतः दार आहे, म्हणून सांगतो.

हे सगळं झाल्यावर महिन्याभराने एका रविवारी ताईंच्या स्क्रीनवर पुन्हा लाल अक्षरं आली. नवी तक्रार. चौकट अतिगंभीर, प्रत सर्व संबंधितांस. ताईंनी हातातला चहा बाजूला ठेवला. मी मनातून हादरलो. त्यांनी ती उघडली.

"विषय : संगणक सुरळीत चालू असल्याबाबत. महोदया, कळविण्यास आनंद होतो की, आज रोजी त्रेपन्नही जणांची ओळख पटली. कु. माहेनूर हिचा प्रबंध सादर झाला. काल पुन्हा लाईट गेली असता एका संगणकाचा सेल गेला व पडद्यावर 'दोन घड्याळे जुळत नाहीत, यात तुमची चूक नाही' असे वाक्य आले. ते वाचून बरे वाटले. आपला विश्वासू, लीलाधर फिरके."

ताईंनी ती लताबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. शेवटचं वाक्य वाचून झालं, तेव्हा लताबाई म्हणाल्या, "म्हणजे वापरतं गं कुणीतरी."

नियमाप्रमाणे ती तक्रार बंद करायला हवी होती, नाहीतर मी पुन्हा हद्दपारीच्या रांगेत गेलो असतो. ताईंनी चौकट बदलून 'किरकोळ' केली. बंद मात्र केली नाही. आज कुणीही माझी नोंद उघडून पाहिली, तर तिथे सांभाळणारी म्हणून हेमांगीताईंचं नाव दिसेल, बारीक अक्षरात योगेंद्रचं, मराठी वाक्यांसाठी लीलाधर नानांचं. आणि खाली एक तक्रार अजून बाकी दिसेल: सुरळीत चालू असल्याबाबत.